घरचा संगणक, चार माणसे आणि एकच अकाउंट

स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्रॅम, म्हटले की बहुतेकांना पेगाससच्या बातम्या आठवतात. ते प्रकरण मोबाईल फोनचे आणि निवडक व्यक्तींवर पाळत ठेवण्याचे होते. आपल्या घरातल्या विंडोज संगणकाला खरा धोका आहे तो त्याहून पुष्कळ स्वस्त आणि सरसकट सोडून दिलेल्या प्रोग्रॅम्सचा. संगणक कोणाचा आहे याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज काही मिनिटांत गोळा करायच्या आणि दूरच्या सर्व्हरवर पाठवायच्या, एवढेच त्यांचे काम. लुमा नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमविरुद्ध मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातील ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचे आढळले होते.

हे प्रोग्रॅम कुलूप फोडून आत येतात असा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घरातलेच कोणीतरी त्यांना दार उघडून देते. शेजारच्या काकांनी मध्यंतरी संगणक तपासायला बोलावले होते. त्यांच्या डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये मराठी टायपिंगच्या एका सशुल्क सॉफ्टवेअरची ‘फुकट’ प्रत होती. झिप फाइलला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला होता. त्याखाली ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना होती. या दोन्ही गोष्टींमागे हिशेब असतो. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये काय आहे हे अँटिव्हायरसला पाहता येत नाही आणि झिप उघडल्यावर जे बाहेर पडेल ते पकडले जाऊ नये म्हणून पहारेकऱ्यालाच रजेवर पाठवायला सांगितले जाते. ज्या सॉफ्टवेअरसोबत ही सूचना येते, ते तिथल्या तिथे डिलीट करावे. काकांना हवे होते ते मुळात विंडोजमध्येच होते: मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड भाषेच्या सेटिंग्जमधून विनामूल्य जोडता येतो.

अलीकडे आणखी एक युक्ती बोकाळली आहे. एखादे संकेतस्थळ ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असे म्हणते आणि विंडोजचे बटण व आर एकत्र दाबून, समोर येणाऱ्या चौकटीत पेस्ट करून एंटर दाबायला सांगते. खऱ्या पडताळणीत असे काही कधीच करावे लागत नाही. तिथे पेस्ट होते ती त्या संकेतस्थळाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली, स्पायवेअर उतरवून घेणारी आज्ञा असते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सर्वात आधी काय करावे, असे मला विचारले तर मी अँटिव्हायरसचे नाव घेत नाही. मी विचारतो की संगणकावर अकाउंट किती आहेत. आपल्याकडे उत्तर जवळजवळ नेहमी ‘एकच’ असे असते, आणि ते अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे संगणकावर सर्व अधिकार असलेले, असते. त्याच अकाउंटवर मुलगा खेळांचे मॉड उतरवतो आणि त्याच अकाउंटवर वडील बँकेचे व्यवहार करतात. त्याऐवजी तीन अकाउंट करावेत: ॲडमिनिस्ट्रेटरचे एक, जे केवळ सॉफ्टवेअर बसवताना लागेल, मोठ्यांचे एक आणि मुलांचे एक, ही दोन्ही ‘स्टँडर्ड’ प्रकारची. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्याखाली ‘अदर युजर्स’ येथे हे काम होते. ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटवर काही बसवताना विंडोज केवळ ‘येस’ की ‘नो’ एवढेच विचारते, आणि ‘येस’ दाबायची आपल्या बोटांना सवय झालेली असते. स्टँडर्ड अकाउंटवर मात्र ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो, आणि तो मुलाला ठाऊक नसला की प्रश्न आपल्यापर्यंत येतो.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतोच असे नाही. ज्या अकाउंटवर तो चालला, तिथले ब्राउझरमधले सारे तो तरीही नेऊ शकतो. पण स्टँडर्ड अकाउंटला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरता येत नाही, त्यामुळे मुलाच्या खेळातून आलेली पीडा वडिलांच्या बँकेपर्यंत सहसा पोहोचत नाही. माझ्या मते पैसे न मोजता मिळणारे इतके मोठे संरक्षण दुसरे नाही, आणि तरीही ते फारसे कोणी वापरत नाही.

अँटिव्हायरसबद्दल थोडक्यात सांगतो. विंडोज डिफेंडर २००६ मध्ये आला तेव्हा केवळ स्पायवेअर पकडत असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस झाला, आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. त्याच्या ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ या भागात नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू आहे ना हे पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेली नाही, त्यांनी त्या संगणकावर बँकेचे काम करू नये. ब्राउझरची एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही एकदा तपासावेत. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी कुपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनला कशाला हवी?

लागण झालीच असल्याचा संशय असेल तर प्रथम इंटरनेट बंद करावे आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. कुकीज चोरीला गेल्या असतील तर केवळ पासवर्ड बदलणे पुरत नाही. ईमेलच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे लागते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे. त्यानंतर डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. त्यात विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी होत असल्याने लपून बसलेले प्रोग्रॅमही सापडण्याची शक्यता वाढते. एवढे करूनही मन साशंक राहिले तर फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत, इन्स्टॉलर व झिप फाइली मात्र घेऊ नयेत, आणि विंडोज कोऱ्या स्थितीत पुन्हा बसवावे. त्यात एखादी संध्याकाळ जाते, पण तीन अकाउंट करायला त्याहून सोयीची वेळ मिळत नाही.