सहा महिने मुरलेली धण्याची बिस्किटं

मंडळी, बरणी उघडली. मागच्या नोंदीत मी अमेलिया सिमन्सबाईंच्या ‘अमेरिकन कुकरी’ या जुन्या पाकपुस्तकातली ‘ख्रिसमस कुकी’, म्हणजे धण्याची बिस्किटं, करून मातीच्या बरणीत भरून तळघरात ठेवल्याचं लिहिलं होतं. ती नोव्हेंबरची गोष्ट. बाईंनी १७९६ साली छापलंय की ही कुकी सुरुवातीला कडक आणि कोरडी लागेल, पण मातीच्या भांड्यात घालून कोरड्या तळघरात किंवा दमट खोलीत ठेवली तर सहा महिन्यांनी जास्त मऊ आणि जास्त चांगली होईल. कोरडं तळघर की दमट खोली, याचं मला तेव्हाही कोडं होतं आणि आजही आहे. आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या घराचं तळघर हिवाळ्यात कोरडं आणि एप्रिलनंतर दमट असतं, त्यामुळे बाईंच्या दोन्ही अटी आपोआप पाळल्या गेल्या.

आधी निकाल सांगतो, चुका मागाहून. नोव्हेंबरात या बिस्किटांनी दाढ हलली असती. आता ती बोटांनी मोडतात. मऊ म्हणजे केकसारखी नव्हेत, जुन्या नानकटाईपेक्षा जरा चिवट. धण्याचा वास मात्र पार बदललाय. भाजल्या दिवशी घरभर ताज्या धणेपुडीचा वास होता आणि बायकोने विचारलं होतं, आमटी उतू गेली का? आता त्यात संत्र्याच्या सालीची झाक आहे आणि धणे घातलेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. शेजारच्यांना न सांगता दिली. एकाला वेलची वाटली, दुसऱ्याला लिंबू.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं पुस्तकाबद्दल. ‘अमेरिकन कुकरी’ कनेटिकटमधल्या हार्टफर्डला छापलं गेलं. फक्त ४७ पानं. मुखपृष्ठावर लेखिकेची ओळख एवढीच की ती ‘एक अमेरिकन अनाथ’ आहे. अमेरिकन माणसाने लिहून अमेरिकेत छापलेलं हे पहिलं ज्ञात पाकपुस्तक. त्याआधी इथे छापली जात ती इंग्लंडचीच पुस्तकं. त्यातलं पहिलं १७४२ सालचं, व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचं. सिमन्सबाईंनीही इंग्रजी पुस्तकांतून बरंच उचललंय, पण मक्याचं पीठ, भोपळ्याचं पुडिंग आणि टर्कीबरोबर क्रॅनबेरी या गोष्टी इथल्या मातीतल्या आहेत. ‘कुकी’ हा शब्दही डच वसाहतवाल्यांकडून आलेला. इंग्लंडमधल्या बाईने त्याला बिस्किट किंवा केक म्हटलं असतं.

माझ्या दृष्टीने पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पर्लॅश. पीठ फुगवायला रासायनिक खार वापरल्याच्या छापील कृती इथे पहिल्यांदा भेटतात. यीस्टची वाट बघणं नाही की अर्धा तास अंडी फेटणं नाही. पर्लॅश म्हणजे लाकडाच्या राखेचा शुद्ध केलेला खार. राखेतून पाणी झिरपवायचं, ते आटवून काळपट पोटॅश काढायचा आणि तो भट्टीत पुन्हा भाजून मोत्यासारखा पांढरा करायचा. जंगल तोडून शेत करणाऱ्यांना राखेची काय कमतरता! हा व्यवहार किती मोठा होता बघा: अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०चं, सॅम्युअल हॉपकिन्सला मिळालं ते पोटॅश आणि पर्लॅश करायच्या पद्धतीसाठीच. त्यावर वॉशिंग्टनची सही आहे.

आपला पापडखार या मंडळींचा चुलतभाऊ, फक्त तो सोडियमचा आणि हा पोटॅशियमचा. मला शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे आजचा पर्लॅश, जर्मन वाणसामानाच्या दुकानात मिळालं. त्यांच्याकडे नाताळच्या मसालेदार केकमध्ये ते अजून घालतात, म्हणून खाण्याच्या दर्जाची छोटी पुडी मिळते. प्रयोगशाळेचं किंवा साबण करणाऱ्यांचं आणू नका.

आता चुका. पहिली चूक जिंजरब्रेडची. बाईंचं प्रमाण असं: चार पौंड मैदा, एक क्वार्ट (जवळजवळ एक लिटर) मोलॅसिस, चार औंस लोणी, एक टेबलस्पून दालचिनी आणि चार टीस्पून पर्लॅश. मी पाव हिशेबाने केलं, म्हणजे पौंडभर मैद्याला एक चमचा खार. चमचा घेतला तो शिगोशीग भरून, कारण आपली सवय तीच. परिणामी घासागणिक साबण. खार जास्त झाला की आम्ल त्याला पुरं पडत नाही आणि उरलेला खार लोण्याशी भिडून खरोखरच साबण करतो. दुसऱ्यांदा सुरीने सपाट केलेला चमचा घेतला आणि वास गेला. सपाट चमचा सपाट कपाचा हट्ट पाकपुस्तकांत पक्का रुजवला तो लेखिका फॅनी फार्मरबाईंनी, १८९६ साली बॉस्टनमध्ये. सिमन्सबाईंच्या नंतर बरोब्बर शंभर वर्षांनी. तेव्हा १७९६चा चमचा सपाट होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांचा चमचाच लहान असेल किंवा त्यांचा पर्लॅश माझ्याइतका शुद्ध नसेल.

मोलॅसिसबद्दल एक सांगून ठेवतो, कारण दोघांनी विचारलं होतं. मोलॅसिस म्हणजे मळी, काकवी नव्हे. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरते ती मळी. काकवीत उसाची सगळी साखर असते. मी एक घाणा काकवीने करून पाहिला. खायला फारच छान झाला, पण तो हार्टफर्डचा राहिला नाही, कऱ्हाडचा झाला. दुकानातली सगळ्यात काळी, कडवट मळीही नको. मधल्या रंगाची घ्या.

आता कुकीचं गणित. मूळ प्रमाण तीन पौंड मैदा, एक टीकप बारीक धणेपूड, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, तीन टीस्पून पर्लॅश आणि तो विरघळवायला एक टीकप दूध. मी सहावा हिस्सा केला: २२७ ग्रॅम मैदा, ७६ ग्रॅम लोणी, ११३ ग्रॅम साखर, अर्धा टीस्पून खार. इथवर ठीक. टीकप म्हणजे किती, यावर इथल्या हौशी मंडळींत कायमची जुंपलेली असते. कोणी तो एका गिलाएवढा, म्हणजे १२० मिलिलिटरच्या आसपास धरतात, कोणी दीडपट. गिलाने धरलं तर माझ्या वाट्याला २० मिली दूध आलं आणि पीठ वाळूसारखं हातातून गळायला लागलं. ४० मिलीवर ते वळलं. धणे मात्र लहान टीकपानेच घेतले, सपाट चार टीस्पून. त्याच्या दुप्पट घालायची माझी हिंमत झाली नाही. धणे न भाजता कुटले. पुस्तकात भाजायला सांगितलेलं नाही आणि आपला हात सवयीने तव्याकडे जातो, तो आवरला.

जाडी पाऊण इंच. वाचताना मला छपाईची चूक वाटली होती. पाऊण इंच जाडीचं बिस्किट ‘हळू’ भट्टीत पंधरा-वीस मिनिटांत शिजणार कसं? उत्तर भट्टीतच आहे. त्या काळची विटांची भट्टी म्हणजे आतच लाकडं जाळायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. आत हात धरून किती आकडे मोजेपर्यंत सोसवतं यावर अंदाज घ्यायचा. पहिल्या धगीला पाव, मग ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात ते), आणि शेवटी नाजूक गोष्टी. म्हणजे ‘हळू’ ही नुसती कमी धग नव्हे, उतरती धग आहे. म्हणून मी ओव्हनमध्ये जाड दगडी लादी ठेवून तासभर ३५० फॅरनहाइटवर तापवली, बिस्किटं लादीवर टाकली आणि ओव्हन बंद केला. पंधरा मिनिटांनी ती कच्ची होती. चाळीस मिनिटांनी मध्यापर्यंत झाली, वरून फिकट आणि खालून बदामी. स्थिर ३०० अंशांवर केलेला जोडघाणा कडा करपून आत पिठूळ राहिला. या एका प्रयोगाने मला पुस्तकाच्या चार पानांपेक्षा जास्त शिकवलं.

आणि मऊ का झाली? माझा संशय खारावर आहे. पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेतं. पुडी उघडी राहिली तर चिकट होते, हे मी अनुभवलंय. या कुकीत आंबट असं काही नाही, दूध नासलेलं असेल तरच. त्यामुळे खार सगळा काही फसफसून संपत नाही. उरलेला बरणीत बसून तळघरातलं पाणी पीत असणार. या वर्षी दोन बरण्या भरणार आहे, एक पर्लॅशची आणि एक साध्या खाण्याच्या सोड्याची. पुढच्या मे महिन्यात कळेल.

दुसरी मोठी चूक मापाची. सिमन्सबाईंच्या ‘इंडियन पुडिंग’ क्रमांक १ ला तीन पाइंट तापवलेलं दूध, सात चमचे मक्याचं पीठ, सात अंडी, अर्धा पौंड मनुका आणि चार औंस लोणी लागतं. (या पुस्तकांतलं ‘इंडियन’ म्हणजे मक्याचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उगाच सुखावलो होतो.) माझ्याकडचा मापाचा जग इंग्लंडहून आलेला. त्यावरचा पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकेचा ४७३चा. तीन पाइंटांत जवळजवळ ३०० मिली दूध जास्त पडलं आणि दीड तास भाजूनही पुडिंगची खीरच राहिली. ब्रिटिशांनी आपलं माप १८२४च्या कायद्याने बदललं. अमेरिका जुन्या वाइन गॅलनवरच राहिली. म्हणून अमेरिकन पुस्तक कुठल्याही सालचं असो, पाइंट ४७३चाच. मापाच्या भांड्यावर खुणा कुठल्या आहेत ते बघून घ्या.

वाचनाबद्दल एक बारीक सूचना. १७९६च्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस हा एफसारखा दिसतो, त्यामुळे सॉल्टचा फॉल्ट होतो. यंत्राने ओळखलेला मजकूर उतरवून घेतलात तर असली धमाल ओळीओळीला मिळेल. पानाचं छायाचित्रच समोर ठेवा. मोडी शिकलेल्यांना हे चार दिवसांत जमेल. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ‘फीडिंग अमेरिका’ संग्रहात ७६ पुस्तकांची पानं फुकट बघायला मिळतात. मी सगळं तिथूनच सुरू केलं.

आता जरा आपल्या अंगणातलं. मेरी रँडॉल्फबाईंचं ‘व्हर्जिनिया हाउसवाइफ’ १८२४चं. त्यात ‘ईस्ट इंडियन पद्धतीची करी’ आहे आणि करी पावडरही: हळद, धणे, जिरे, सुंठ, जायफळ, जायपत्री आणि लाल तिखट. प्रत्येकी एक औंस. हो, प्रत्येकी! मी पाच-पाच ग्रॅम घेतलं तरी जवळजवळ एक अख्खं जायफळ गेलं. भाजायचं काही नाही, कुटून चाळायचं आणि बाटलीत भरायचं. करीची कृती मात्र बरी आहे. कोंबडी आधी मिठाच्या पाण्यात शिजवून घ्यायची, अर्धा पौंड लोण्यात लसणाच्या दोन पाकळ्या आणि मोठा कांदा लाल करायचा, कोंबडी आणि मसाला घालून झाकण ठेवून परतायचं, मग तेच पाणी घालून मुरवायचं. शेवटी हवं तर लिंबू किंवा संत्रं पिळायचं. पावडरीखाली लिहिलंय की एक टीस्पून कुठल्याही पदार्थाला पुरे, आणि करीत घालायला सांगितलेत दोन-तीन चमचे. मी दोन घातले. बायकोने एक घास खाऊन विचारलं, कोंबडीत पुरण भरलंयस का? जायफळ-जायपत्रीचा वास इतका पुढे येतो की हळद-जिरं मागेच राहतं. चव वाईट नाही, पण करी म्हणून जिभेची तयारी असते ती सगळी फसते. संत्रं पिळल्यावर मात्र ते जायफळ एकदम जागेवर आलं. मग वाटलं, त्यांना मुळात हीच चव हवी असेल.

रँडॉल्फबाईंच्या घरात चूल पेटवणारे, कोंबडी कापणारे हात गुलाम माणसांचे होते. त्यांची नावं पुस्तकात नाहीत. म्हणून पुढचा मोर्चा ॲबी फिशरबाईंकडे. दक्षिण कॅरोलिनात गुलामीत जन्मलेल्या, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत लोणच्यामुरांब्यांसाठी नाव कमावलेल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. १८८१चं पुस्तक त्यांनी तोंडी सांगितलं, दुसऱ्यांनी उतरवलं. उतरवणाऱ्यांना दक्षिणेचे उच्चार कळले नाहीत, म्हणून सकोटॅश या मका आणि घेवड्याच्या दाण्यांच्या (लायमा बीन्स) भाजीचं झालंय ‘सर्किट हॅश’ आणि जांबालाया या भाताच्या पदार्थाचं ‘जंबर्ली’. हे पुस्तक मोठ्याने वाचायचं. डोळ्यांना न कळलेले शब्द कानाला कळतात. मलिंडा रसेलबाईंचं १८६६चं, मिशिगनच्या पॉ पॉ गावात छापलेलं पुस्तक याच्या उलट. त्यात बहुतेक ठिकाणी नुसती सामग्री, करायचं कसं ते नाही. मैदा, लोणी, अंडी, संपलं. त्या स्वतः पेस्ट्रीचं दुकान चालवत. ज्याला केक येतो त्यालाच ते उघडतं. मी अजून दारातच आहे.



पुढच्या महिन्याचं काम ठरलंय: इंडियन पुडिंग क्रमांक ३. मक्याचं पीठ एक पाइंट, मीठ, दूध एक क्वार्ट, गोड घालून मजबूत फडक्यात किंवा भांड्यात बांधायचं, पाणी शिरू द्यायचं नाही आणि बारा तास उकळायचं. शनिवारी पहाटे पाचला पातेलं चढवणार. फडकं मांजरपाटाचं चालेल की आणखी घट्ट विणीचं लागेल? कोणी करून पाहिलं असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.