मिशिगनने कमलाबाईंना का पाडलं

नोव्हेंबर २०२४ च्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालानंतर मला भारतातून जितके फोन आले, तितके माझ्या लग्नानंतरही आले नव्हते. प्रश्न एकच, फक्त आवाज वेगळे. सांगलीच्या आत्याने तर झाडूनच काढलं : "अरे, आपली पोर उभी होती, आणि तुम्ही लोकांनीच पाडली? तिकडे त्या तामिळनाडूच्या गावात देवाला अभिषेक घातला होता म्हणे!" ते गाव म्हणजे तुळसेंद्रपुरम, कमला हॅरिस यांच्या आजोबांचं. अभिषेक खरंच झाला होता. पण तुळसेंद्रपुरमला मतदान नव्हतं. मतदान होतं आमच्या मिशिगनमध्ये, आणि इथे ट्रम्प सुमारे ८० हजार मतांनी पुढे गेले. चार वर्षांपूर्वी हेच राज्य बायडन यांनी दीड लाखांहून जास्त मतांनी जिंकलं होतं.

फोनवर लोक कारण विचारत नाहीत. कारण त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त मान डोलवायची. पहिलं ठरलेलं कारण म्हणजे "अमेरिका बाईला मत देत नाही".

दुसरीकडचं माहीत नाही, पण मिशिगनमध्ये बसून हे ऐकताना गंमत वाटते. आमच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर बाई आहेत, दोनदा निवडून आल्या, दुसऱ्यांदा तर दहा टक्क्यांहून जास्त फरकाने. राज्याच्या निवडणुकांचा कारभार बघणाऱ्या जोसेलिन बेन्सन बाई. ॲटर्नी जनरल डेना नेसेल बाई. आणि ज्या दिवशी हॅरिस इथे हरल्या, त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्यांच्याच डेमोक्रॅट पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन सिनेटवर निवडून आल्या. वर्णाचं म्हणाल तर डेट्रॉइट शहरातून २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लोकांनी श्री ठाणेदारांना वॉशिंग्टनला पाठवलं. बेळगावकडचा आपला मराठी माणूस.

अर्थात २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन याच राज्यात १०,७०४ मतांनी हरल्या होत्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीपाशी आलं की काही लोकांचा हात अडखळतो, हे मी नाकारणार नाही. एका सहकाऱ्याने "युद्धाच्या वेळी बाई काय करणार" असं जेवणाच्या टेबलावर बिनदिक्कत विचारलं होतं. पण तो माणूस २०२० मध्येही ट्रम्पनाच मत देऊन मोकळा झाला होता. हॅरिस त्याच्यामुळे पडल्या नाहीत. ज्यांनी चार वर्षांपूर्वी त्यांच्याच पक्षाला मत दिलं आणि या वेळी दिलं नाही, त्यांच्यामुळे पडल्या. असा एकजण माझ्या शेजारीच राहतो.

शेजारी साठी उलटलेला, मॅकोम काउंटीतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) एका कारखान्यात गाड्यांचे साचे बनवण्यात आयुष्य गेलेला. मॅकोम ही कामगारांची काउंटी. ओबामांना दोनदा मतं दिली, मग तीन वेळा ट्रम्पना. आमचा शेजारी त्यातला अर्धा : ओबामा, ओबामा, ट्रम्प, बायडन, आणि पुन्हा ट्रम्प. त्याला 'अंधभक्त' म्हणायची माझ्या डेमोक्रॅट मित्रांची सवय आहे. पाच निवडणुकांत तीन वेळा डेमोक्रॅट पक्षाला मत देणारा अंधभक्त कसा, हे त्यांनाच ठाऊक.

ऑक्टोबरात आम्ही दोघे अंगणातली पानं गोळा करत होतो. मी सहज म्हटलं, महागाई तर आता उतरली. सप्टेंबरचा आकडा २.४ टक्के होता, जून २०२२ मध्ये तोच ९.१ होता. त्याने दांडा जमिनीवर टेकवला आणि विचारलं, "अंडी शेवटची कधी घेतलीस?" २०२० च्या सुरुवातीला डझनभर अंडी दीड डॉलरला मिळायची. त्या शरद ऋतूत साडेतीनच्या आसपास होती. त्यातला बराच वाटा बर्ड फ्लूचा, सरकारचा नव्हे, हे मी सांगू पाहिलं. "मग पावाला पण फ्लू झालाय का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की दर उतरला. खरंच उतरला होता. पण म्हणजे भाव चढण्याचा वेग मंदावला, चढून बसलेले भाव जागचे हलले नव्हते. बिल भरणारा माणूस वेग मोजत नाही. तो चार वर्षांपूर्वीची पावती आठवतो.

शेजाऱ्याचं खरं दुखणं मात्र अंड्यांपलीकडचं होतं. त्याच्या मुलाला घर घ्यायचं होतं. २०२१ मध्ये तीस वर्षांचं गृहकर्ज तीन टक्क्यांनी मिळत होतं. तीन लाख डॉलर कर्जाचा हप्ता साधारण १,२६५ डॉलर. २०२३-२४ मध्ये व्याज सात टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि त्याच तीन लाखांचा हप्ता जवळजवळ २,००० झाला. घर तेच, पगार थोडाफार वाढलेला, आणि महिन्याला सातशेहून जास्त डॉलर वर. मुलगा बायकोपोरासकट बापाच्या तळघरात राहत होता. हॅरिस यांनी पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलरची मदत जाहीर केली, तेव्हा मला वाटलं, हे तरी पटेल. शेजारी म्हणाला, "चांगलंय. मग साडेतीन वर्षं काय करत होत्या?"

हा प्रश्न सगळ्यात महाग पडला. हॅरिस बायडन यांच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या. उपराष्ट्राध्यक्षाच्या हातात व्याजाचा दर नसतो, तो तर राष्ट्राध्यक्षाच्याही हातात नसतो. पण सरकारवरचा राग काढायला बायडन मतपत्रिकेवर नव्हतेच. २७ जूनच्या वादचर्चेत ते अडखळले, २१ जुलैला बाजूला झाले. पक्षांतर्गत निवडणुकीत कुणाशी झुंज न देता हॅरिस उमेदवार झाल्या आणि त्यांच्या हातात तीन महिने आणि थोडे दिवस उरले. सरकारचं सगळं उधारीचं खातं त्यांच्या नावावर चढलं, जमेची बाजू मात्र कुणी वाचली नाही.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी आपल्याकडे दिंडोरीत काय झालं ते आठवा. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, कांद्यावरची निर्यातबंदी काही त्यांनी एकटीने घातली नव्हती. पण शेतकऱ्याला दिल्लीपर्यंत हात पोचवायचा होता आणि हाताशी त्याच होत्या. त्या पडल्या.

तरी यातून सुटायला एक वाट होती असं मला अजून वाटतं, आणि ती त्यांनी स्वतः बंद केली. ८ ऑक्टोबरला त्या 'द व्ह्यू' या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात गेल्या. घरचंच व्यासपीठ, प्रेमाने विचारणाऱ्या बायका. प्रश्न आला : बायडन यांच्यापेक्षा वेगळं काही केलं असतं का? इतका सोपा फुलटॉस. त्या म्हणाल्या, तसं काही मनात येत नाही. पुढे त्याच कार्यक्रमात एका रिपब्लिकन माणसाला मंत्रिमंडळात घेईन असं त्यांनी जोडलं, पण तोवर ते आधीचं वाक्य गेलं होतं. ट्रम्प यांच्या लोकांनी ते उचललं आणि जाहिरातीत लावलं. मिशिगनमध्ये त्या महिन्यात टीव्ही लावायची सोय नव्हती. फुटबॉलच्या सामन्यातही जाहिराती, एकीकडे हे वाक्य, दुसरीकडे ट्रान्सजेंडर कैद्यांच्या शस्त्रक्रियांवरून भडकवणारी ती दुसरी प्रसिद्ध जाहिरात. शस्त्रक्रियांची चर्चा वर्तमानपत्रांत फार झाली. माझ्या आसपास मात्र लोक त्यावर हसायचे आणि 'वेगळं काही नाही' यावर चिडायचे.

बायडनबद्दल समाधानी असलेले लोक तेव्हा दहात चारच होते. उरलेल्या सहांना हे उत्तर ऐकवायचं म्हणजे काय! निष्ठा म्हणून असेल, वेळ कमी म्हणून असेल. पण मालकाच्या चुका दाखवायची तयारी नसलेल्या मुनीमजीला लोक दुकान देत नाहीत.

दुसरं ठरलेलं कारण म्हणजे डिअरबॉर्न. माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, फोर्ड कंपनीचं मुख्यालय असलेलं, अरब वस्तीचं शहर. आम्ही तिथे मनाकीश नावाचा सपाट पाव खायला जातो, जातिवंत लेबनीज भट्टीतला, वर झातर मसाला आणि तेल. फेब्रुवारी २०२४ मध्येच तिथून इशारा मिळाला होता. डेमोक्रॅट पक्षाच्या प्राथमिक फेरीत गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ राज्यभरात एक लाखाहून जास्त लोकांनी 'कुणालाच नाही' या अर्थाचा पर्याय निवडला. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात एका पॅलेस्टिनी वंशाच्या वक्त्याला बोलायला वेळ द्या, अशी त्या गटाची मागणी होती. तीही मानली नाही. आणि १ नोव्हेंबरला ट्रम्प स्वतः डिअरबॉर्नमध्ये येऊन हात मिळवून गेले. २०२० मध्ये बायडन यांना तिथे सत्तर टक्क्यांच्या जवळपास मतं होती. हॅरिसना ३६ मिळाली, ट्रम्पना ४२, आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनना १८.

भट्टीच्या गल्ल्यावरचा तरुण मला नंतर म्हणाला, ट्रम्प चांगला आहे असं आम्ही कधीच म्हणालो नाही, फक्त आम्हाला गृहीत धरू नका. त्याचं खरं धरलं तरी हिशेब मांडायला हवा. डिअरबॉर्नमध्ये गेलेली सगळी मतं परत मिळवली तरी ८० हजारांचा खड्डा भरत नाही. गाझामुळे हॅरिस हरल्या असं म्हणणारे आणि गाझाचा काही संबंध नव्हता म्हणणारे, दोघेही मला सारखेच उतावळे वाटतात.

आता आपल्या लोकांकडे येऊ, कारण आत्याचा खरा रोख तिथेच होता. निवडणुकीआधी कार्नेगी संस्थेने भारतीय वंशाच्या मतदारांची पाहणी केली होती : ६१ टक्के हॅरिसकडे, ३२ टक्के ट्रम्पकडे. चार वर्षांपूर्वी बायडनकडे ६८ होते. म्हणजे बहुमत त्यांचंच, पण गळती सुरू. ती गळती कशी असते ते मी मंडळाच्या दिवाळीत पाहिलं. चकलीच्या ताटाभोवती उभे असलेले सगळे नागरिकत्व मिळालेले, चाळिशी-पन्नाशीचे, ट्रॉय आणि नोवाय या डेट्रॉइटच्या उपनगरांकडचे इंजिनिअर. एक पुण्याचा मित्र उघडपणे ट्रम्पवाला. हॅरिसबाईंची आई चेन्नईची, याचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. "आम्ही बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढली. नोकरी सोडता येईना, आई गेली तेव्हा व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडे अडकून पडलो. आणि हे सीमेवरून चालत येतात आणि यांना हॉटेलात ठेवतात?"

या वाक्यातला 'हे' फार भयंकर आहे, आणि त्यामागची बारा वर्षं खरी आहेत. दोन्ही एकाच वेळी. डेमोक्रॅट पक्षाने पहिल्यावर त्याला टोकलं आणि दुसऱ्यावर कधी तोंड उघडलं नाही. रांग आजही तशीच आहे. रांगेतल्यांना मत नसतं, आणि रांगेतून सुटलेला माणूस रांग मोठी ठेवणाऱ्याऐवजी मध्ये घुसणाऱ्यावर चिडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागलं, त्या शनिवारी मित्राच्या भाच्याने हैदराबादहून परतीच्या विमानासाठी जी धावपळ केली, ती आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिली. मित्र त्या ग्रुपवर हल्ली फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

मग लोकांनी पक्षालाच लाथाडलं का? इथे मतपत्रिका हातात घेऊन पाहावी लागते. मी लवकरच्या मतदानात गेलो होतो, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीसाठी मिशिगनमध्ये ती सोय पहिल्यांदाच होती. जाड कागदाची लांबलचक पत्रिका, दोन्ही बाजूंनी छापलेली, पेनाने अंडाकृती रंगवायचे. सगळ्यात वर एकच गोल काळा केला की पूर्ण पक्षाला मत. ज्यांना तो नको, त्यांनी खाली उतरत जायचं : राष्ट्राध्यक्ष, सिनेट, काँग्रेस, राज्याचे प्रतिनिधी, विद्यापीठांचे विश्वस्त, न्यायाधीश, शाळेचं मंडळ. मग कागद स्वतः यंत्रात सरकवायचा. बाहेर पडताना स्टिकर मिळतो. त्या वर्षीच्या एका स्टिकरवर शाळकरी मुलीने काढलेला, अंगातला शर्ट टराटरा फाडणारा लांडगा होता. देशाच्या मनःस्थितीचं इतकं चोख चित्र कुठल्याच संपादकाने काढलं नाही.

या पत्रिकेचा निकाल असा : स्लॉटकिन यांना हॅरिसपेक्षा सुमारे २४ हजार मतं कमी पडली. तरीही त्या १९ हजारांनी निवडून आल्या. कारण त्यांच्यासमोरचे रिपब्लिकन माइक रॉजर्स ट्रम्पपेक्षा तब्बल सव्वा लाखाच्या आसपास मतांनी मागे राहिले. ट्रम्पना मत देणाऱ्या कित्येकांनी खाली उतरून रॉजर्सना काही दिलं नाही. कुणी तिसऱ्यालाच दिलं, कुणी स्लॉटकिनना, कुणी रकाना कोरा सोडला. ॲरिझोना, नेव्हाडा, विस्कॉन्सिन इथेही तसंच झालं, ट्रम्प जिंकले आणि सिनेटवर डेमोक्रॅट गेले. माझ्या शेजाऱ्याने स्लॉटकिनना मत दिलं. का, असं विचारल्यावर म्हणाला, "त्या बाईने माझ्याशी अंड्यांबद्दल वाद घातला नाही."

डिसेंबर २०२४ मध्ये डेट्रॉइटचे महापौर माइक डगन यांनी जाहीर केलं की गव्हर्नरपदासाठी ते आता डेमोक्रॅट म्हणून नव्हे, तर अपक्ष म्हणून उभे राहणार. जन्मभराचा डेमोक्रॅट, शहर दिवाळखोरीतून वर काढणारा म्हणून नाव झालेला. माझ्या मंडळातले लोक म्हणाले, संपला. शेजाऱ्याने दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं संकेतस्थळ उघडून मला दाखवलं आणि विचारलं, वर्गणी क्रेडिट कार्डाने दिली तर चालते का.