गाविलगड दक्षिणेकडून : 'दीड घंट्याची' वाट आणि तिचा खरा हिशेब

"दीड घंट्यात वर पोचता भाऊ. बायामाणसं मोळ्या घेऊन येतात तिथून." पायथ्याशी तंबू देणाऱ्या कॅम्पवाल्याने फोनवर हेच सांगितलं आणि परतवाड्याच्या अंगाने चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर चढू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत असणार. बायामाणसं येतात हे खरं आहे, पण दीड घंटा त्यांचा. नियमित डोंगर चढणारं, पाठीवर दहा किलो घेतलेलं आमचं टोळकं सव्वाचार तासांनी वर पोचलं, आणि त्यातला दीड तास एकट्या नाळेने (डोंगरातल्या धोंड्यांनी भरलेल्या अरुंद घळीने) खाल्ला.

सपाटीवरून चिखलदऱ्याच्या पठाराशी यायचं म्हणजे साधारण सातशे मीटर चढ. त्याचं काही नाही. सुरुवातीला तूर आणि कपाशीच्या धुऱ्याधुऱ्याने (बांधाबांधाने) जायचं, मग सागाचं जंगल. इथवर वाट ठसठशीत आहे, त्यावर शब्द घालवत नाही. पुढे कोरडी नाळ लागते. पौषात सागाची पानं गळून तिच्यात घोट्यापेक्षा वर थर साचलेला असतो, आणि पानांखाली डोक्याएवढे सुटे धोंडे. पाय पानावर पडतो, पान सरकतं, धोंडा गडगडत मागच्याच्या दिशेने निघतो. म्हणून नाळेत दोघांमध्ये भरपूर अंतर ठेवा आणि एकाखाली एक चढू नका. हातातल्या काठीने आधी पानं बाजूला सारायची, मगच वजन टाकायचं. असं चढलं की तासाला दोनशे मीटर उंची मिळाली तरी खूप.

त्याहून वाईट म्हणजे खाजकुहिरी. नाळेच्या दोन्ही काठांवर तिचे वेल झुडपांवर चढलेले असतात आणि याच दिवसांत शेंगा वाळून तांबूस होतात. आधाराला फांदी धरली की शेंगांवरची खाजरी लव अंगावर उडते. आमच्यातल्या एकाने टी-शर्टवर चढायचा हट्ट धरला होता. मानेपासून कोपरापर्यंत त्याचा जो तमाशा झाला तो लिहिण्यासारखा नाही. चोळायचं नाही, हा एकच नियम. आम्ही प्रथमोपचारातली चिकटपट्टी लावून लावून लव ओढून काढली. वाटाड्याने वर शेणाचा लेप द्यायला लावला. त्याने बरं वाटलं की दमून ओरडणं थांबलं, कोण जाणे. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि हातमोजे घाला, यात चर्चा नाही. लोकरीचं काही घालू नका, कारण नाळ संपली की कमरेएवढं वाळलेलं गवत लागतं आणि कुसळं लोकरीत घुसली की ती वस्तू गेली. माझे मोजे तिथेच टाकायच्या लायकीचे झाले.

उजाडल्याशिवाय निघू नका, कितीही घाई असो. खालच्या झाडोऱ्यात बोरी लगडलेल्या आहेत आणि बोरांवर अस्वल येतं. मेळघाटात माणूस वाघाला भितो, पण पहाटेच्या अंधारात अचानक समोर आलेलं अस्वल जास्त धोक्याचं. बोलत, काठी आपटत चला.

तटाखाली पोचल्यावर मला हसू फुटलं. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला घेतला तेव्हा तो स्वतः दक्षिणेकडे होता, पण इकडचा हल्ला नुसता हूल देण्यापुरता. खरा मारा त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनने उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने केला. त्यासाठी डोंगरातून रस्ता काढत तोफा ओढत नेल्या, पण दक्षिणेच्या चढाच्या भरवशावर कोणी राहिलं नाही. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या माणसाला जे कळलं ते आमच्या कॅम्पवाल्याला कळत नाही.

किल्ला उत्तम आहे. दिल्ली दरवाज्यावरचं गंडभेरुंड (दोन तोंडांच्या पक्ष्याचं शिल्प) बघाच. तलाव आहेत, पण ते पाणी पिऊ नका. माणशी तीन लिटर खालूनच न्या. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. हे वाघांचं जंगल आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा. "सगळं सेट आहे" हे आम्हालाही सांगितलं होतं. शेवटी कचेरीत आम्हीच जाऊन बसलो.

आता पैसे. तंबू, जेवण, शेकोटी "सगळं धरून" माणशी बाराशे ठरले होते. निघताना हिशेबात लाकडं सहाशे, वाटाड्या पंधराशे, ब्लँकेट दीडशे रुपये नग. यातले वाटाड्याचे पंधराशे आम्ही त्याच्याच हातात दिले आणि ते कमीच होते. तो नसता तर नाळेतून डावीकडे कधी वळायचं हे आम्हाला संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. बाकी सगळी लूट. त्यात ब्लँकेटला मागच्या पाहुण्यांच्या तंबाखूचा वास. एकूण रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, "सगळं" म्हणजे काय काय तेही. जंगलातली लाकडं स्वतः वेचायला जाऊ नका, तो वेगळाच गुन्हा होईल.

तंबू संत्र्याच्या बागेत होते. फोटोत झकास दिसतं. बागेला आदल्याच दिवशी ओलीत (पाणी) दिलेलं, त्यात जागा नाल्याकाठची खोलगट. रात्रभर थंडी तिथेच साचली आणि पहाटे तंबू आतून-बाहेरून दवाने निथळत होता. तंबू धुऱ्याच्या उंचवट्यावर, कोरड्या जागी लावायला सांगा. खाली अंथरायला कुटाराची (भुश्याची) पोती मागा, गावात कुणीही देतो. आमच्या महागड्या मॅटपेक्षा ती ऊबदार निघाली. गोवरीवर भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे) आणि वांग्याची भाजी मात्र अशी होती की बाराशेतले चारशे तिथेच वसूल.

दुसऱ्या दिवशी पठारावर फिरलो, खवा खाल्ला, छान.

उतरायला ही वाट घेऊ नका. धोंडे वर चढताना निदान दिसतात, उतरताना पानांखाली एकही दिसत नाही. चिखलदऱ्याहून एसटी किंवा जीपने परतवाड्याला या. जीपवाला अख्ख्या गाडीचे सांगेल. बाजारात थांबून आणखी चार माणसं जमवा, मग सीटप्रमाणे घेतो.