तीनपर्यंत तोंड बंद

17 एप्रिल 2019. इंडोनेशियात राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांची निवडणूक पहिल्यांदाच एकाच दिवशी होत होती. मी तेव्हा जकार्तातल्या एका सर्वेक्षण संस्थेत होतो. 'क्विक काउंट'चे, म्हणजे नमुन्यावरून काढलेल्या निकालाच्या अंदाजाचे, आलेले आकडे तपासायचे, हे माझं काम.

क्विक काउंट म्हणजे एक्झिट पोल नव्हे, हे आपल्याकडच्या मित्रांना दरवेळी समजवावं लागतं. मत कुणाला दिलं, असं आम्ही कुणालाच विचारत नाही. तिथे मतं केंद्रावरच मोजतात. खिळ्याने भोक पाडलेली करडी मतपत्रिका केंद्राधिकारी उलगडून सगळ्यांना दाखवतो, नाव पुकारतो, आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर पाच-पाचच्या रेघा पडत जातात. गल्लीतलं कुणीही उभं राहून पाहू शकतं. देशातल्या आठ लाखांवर केंद्रांतून नमुन्यादाखल दोनेक हजार निवडायची, तिथे आपला माणूस ठेवायचा, त्याने त्या कागदाचा फोटो आणि आकडा पाठवायचा. बस्स.

गंमत अशी की, आदल्याच दिवशी घटनात्मक न्यायालयाने बजावलं होतं: पश्चिम भागातलं मतदान संपून दोन तास उलटेपर्यंत, म्हणजे जकार्तातले तीन वाजेपर्यंत, आकडा जाहीर करायचा नाही. पूर्व टोकाच्या पापुआचं घड्याळ जकार्ताच्या दोन तास पुढे. त्यामुळे आमच्या जेवणाआधीच तिथले आकडे यायला लागले, आणि मित्रांचे 'काय चाललंय?' असे मेसेजही. आम्ही गप्प.

दोन-अडीचच्या सुमारास पडद्यावर एक ओळ लाल झाली. पश्चिम सुमात्रातलं एक गाव. आव्हान देणाऱ्या प्रबोवोंना दोनशेच्या आसपास, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांना नऊ. इतका एकतर्फी आकडा आला की फोन करून खात्री करायची, असा नियम. मी शेजारच्या सहकारी बाईंना सांगितलं. त्या पश्चिम सुमात्रातल्याच बुकितिंगीच्या, सगळं ऑफिस त्यांना 'उनी' म्हणायचं, म्हणजे तिथल्या मिनांग लोकांतली ताई. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "पाक (म्हणजे साहेब), आकडा बरोबर आहे. ही नऊ टाळकी कोण, हे मात्र मला शोधायला आवडेल."

थोड्या वेळाने दुसरी लाल ओळ. मध्य जावातलं रेंबांग, जवळच पेसांत्रेन, म्हणजे धार्मिक निवासी शाळा. तिथे बरोबर उलटं. जोकोवींच्या रेघा कागदावर मावेनात, प्रबोवोंची ओळ जवळजवळ कोरी. हाही आकडा खरा निघाला.

दोन्ही गावं कट्टर भाविक. नमाज, रोजा, कशातच कुणी मागे नाही. आपल्याकडे 'मुस्लिम मतं' असा एक गठ्ठा धरून बोलायची सवय असते. त्या दुपारी तो माझ्यापुरता सुटला. मिनांग मुलूख सुधारणावादी इस्लामचा, मुहम्मदिया या संघटनेचा. जावातल्या पेसांत्रेन नहदलातुल उलामा या उलेमांच्या संघटनेच्या, थडग्यांची यात्रा आणि परंपरा मानणाऱ्या. 1952 मध्येच नहदलातुल उलामा मस्युमी या मुस्लिम पक्षातून बाहेर पडली. 1955 च्या निवडणुकीत मस्युमीला 20.9 टक्के मिळाले, नहदलातुल उलामाला 18.4. मस्युमीचं बळ जावाबाहेर, नहदलातुल उलामाचं मध्य आणि पूर्व जावात. पुढे मस्युमीवर बंदी आली, लष्करशहा सुहार्तोंच्या सत्तेची तीन दशकं गेली, तरी आमच्या पडद्यावर तोच जुना नकाशा रंगत होता. उनींचे वडील मस्युमीच्या घरातले. अहोक या जकार्ताच्या ख्रिश्चन गव्हर्नरविरुद्ध 2 डिसेंबर 2016 ला निघालेल्या प्रचंड मोर्चासाठी ते सुमात्राहून जकार्तात आले होते.

त्यातही विसंगती किती! अहोकच्या विरोधात धर्मनिंदेचा निर्वाळा देणाऱ्या उलेमा परिषदेचे प्रमुख मारुफ अमीन. जोकोवींनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतलं. उलट, मोर्चेवाल्यांनी ज्यांना डोक्यावर घेतलं त्या प्रबोवोंची आई ख्रिश्चन, भाऊही ख्रिश्चन. हे सांगितलं की उनींचे वडील म्हणे विषय बदलायचे.

तीन वाजले, आकडे बाहेर गेले. जोकोवी सुमारे दहा टक्क्यांनी पुढे. संध्याकाळी प्रबोवोंनी स्वतःला 62 टक्के मिळाल्याचं जाहीर केलं आणि आमच्या फोनवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. दोन दिवसांनी त्यांनी भाषणात आम्हा सर्वेक्षणवाल्यांना खोटारडे ठरवून अंटार्क्टिकाला जायला सांगितलं. ऑफिसच्या ग्रुपवर लगेच स्वेटरच्या किमती फिरायला लागल्या. हसत होतो खरे, पण गेटवर पोलीस बसवावा लागला होता.

केंद्रांवरच्या लोकांचे हाल वेगळेच. जकार्ता सोडून बहुतेक ठिकाणी दर मतदाराच्या पाच-पाच मतपत्रिका मोजायच्या. आमची पोरं पहाटेपर्यंत पक्षांचे आकडे पाठवत होती, समोरचे कर्मचारी टेबलावर डोकं टेकून झोपलेले. त्या निवडणुकीत आयोगाच्या आकड्यानुसार 894 कर्मचारी दगावले. आमच्या कुठल्याच तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

अधिकृत निकाल महिन्याने, 21 मे च्या पहाटे लागला: 55.5 विरुद्ध 44.5. जकार्तात दोन दिवस दंगल पेटली, माणसं मेली. ऑक्टोबरमध्ये जोकोवींनी नवं मंत्रिमंडळ बनवलं आणि प्रबोवो त्यात संरक्षणमंत्री झाले. उनींनी ती बातमी मला पाठवली. खाली लिहिलं होतं, "पाक, आता हे बाबांना तुम्ही फोन करून सांगा. मी नाही सांगणार."