मुंबई हायवर खासदार आले तेव्हा

२०२२च्या हिवाळ्यात अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातल्या आमच्या प्लॅटफॉर्मवर खासदारांची समिती आली होती. मी प्रॉडक्शनच्या शिफ्टवर होतो, विहिरी दाखवायचं काम माझ्याकडे आलं. जुहूहून हेलिकॉप्टरने दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर येईपर्यंत त्यांचा वाद चांगलाच पेटलेला होता, हेलिडेकवरच्या वाऱ्यातही तो ऐकू येत होता.

मराठवाड्यातले एक ज्येष्ठ खासदार म्हणत होते, "आपल्या समुद्राखाली तेल असताना बाहेरून कशाला आणायचं? अजून विहिरी खणा की!" एका तरुण खासदारताईंचं म्हणणं उलट. देशाच्या तेलाच्या गरजेतला आयातीचा वाटा १० टक्क्यांनी कमी करून ६७ टक्क्यांवर आणू, असं २०१५मध्ये जाहीर झालं होतं, त्यासाठी २०२२ची मुदत होती. प्रत्यक्षात तो ८५ टक्क्यांच्या वर गेला. मग तोच पैसा सौरऊर्जेत का घालू नये?

ज्येष्ठांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "साहेब, विहिरी खणणाऱ्या 'सागर सम्राट'ला इथं तेल लागलं फेब्रुवारी १९७४मध्ये आणि मे १९७६मध्ये उत्पादन सुरूही झालं. तेव्हा सव्वादोन वर्षांत जमलं, मग आता घोडं कुठं अडलंय?"

प्रश्न मनापासूनचा होता. उत्तरादाखल मी त्यांना सॅम्पल पॉइंटपाशी नेलं. एका जुन्या विहिरीचा नमुना थोडा वेळ ठेवला होता. बाटलीत वर तेलाचा काळा थर आणि खाली पाणी, चार पंचमांश तरी. ताईंनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "एवढंच?"

एवढंच. चुनखडीच्या या खडकातून चार दशकांहून जास्त काळ तेल काढतोय. दाब टिकवायला खाली पाणी सोडावं लागतं, तेच पुढे तेलाबरोबर वर येतं. गॅस लिफ्ट लावायची (म्हणजे विहिरीत गॅस सोडून तेल वर आणायचं), पाण्याचे थर बंद करायचे, जुन्या विहिरीतूनच आडवी शाखा काढायची, हे सगळं उत्पादनाची घसरण रोखण्यासाठी. खडकातल्या तेलाचा मोठा भाग अजून खालीच आहे, आणि त्यातला एकेक टक्का वर काढणं हे माझ्या मते देशाचं फार मोलाचं काम आहे. पण त्याला ना भूमिपूजन असतं ना उद्‌घाटन, म्हणून भाषणात ते कधी येत नाही.

नव्या विहिरींचंही सांगितलं. मुंबई हाय म्हणजे उथळ समुद्रातलं प्रचंड क्षेत्र, असं दुसरं देशात आजवर सापडलेलं नाही. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रातला ब्लॉक, म्हणजे तेल शोधण्यासाठी आखलेला पट्टा, ओएनजीसीने २००५मध्ये घेतला होता, आम्ही बोलत होतो तेव्हाही तिथून तेल यायचं होतं. (ते आलं जानेवारी २०२४मध्ये.) ताईंनाही म्हटलं, सौरऊर्जा हवीच, पण तिची वीज होते. ट्रकचं डिझेल आणि विमानाचं इंधन आज तरी तेलातूनच येतं.

ज्येष्ठ बराच वेळ पाइपलाइनींकडे बघत होते. मग म्हणाले, "पंधरा-वीस वर्षांनी फळ येणार. तोवर सरकारं किती बदलतील! आज पैसे कोण देईल?"

मी म्हटलं, "तुम्हीच द्यायला लावा. तुमच्या समितीत सगळे पक्ष आहेत."

ताईंनी वही काढली आणि जुन्या क्षेत्रांसाठी करात काय सवलत लागेल, ते विचारायला सुरुवात केली.