आपोआप वाजणारी पेटी : भात्यापाशी अडलेलं काम

मंडळी, जुनी पेटी (हार्मोनियम) आपोआप वाजवायच्या माझ्या प्रयोगावरच्या मागच्या नोंदीनंतर तीन महिने गेले. ४२ पैकी ३१ पट्ट्या आता आपल्या आपण हलतात आणि परवा रात्री पेटीने पहिल्यांदा एक अख्खा अभंग न अडखळता वाजवला. या तीन महिन्यांतला बहुतेक वेळ भात्याने खाल्ला, त्यामुळे आज मुख्यतः भात्याचंच सांगणार आहे.

आधी पट्ट्या. स्वयंचलित ग्रँड पियानोत सोलेनॉइड (वीज दिली की आतला दांडा ओढणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल) पट्टीच्या मागच्या टोकाखाली बसतात आणि खालून वर ढकलतात. पेटीत खाली सुरांची फळी, तिथे काडी शिरायला जागा नाही. म्हणून मी वरून उचलायचं ठरवलं. जाळी काढली, तिथे सागाची आडवी पट्टी बसवली, तिच्यावर सोलेनॉइड. प्रत्येकाच्या दांड्याला मासे धरायची तंगूस बांधली आहे, ती पट्टीचं मागचं टोक उचलते. पुढून बोटांनी वाजवणाऱ्याला काही अडत नाही. दोन पट्ट्यांमधलं अंतर जेमतेम साडेबारा मिलिमीटर आणि सोलेनॉइड २० मिलिमीटर रुंद, म्हणून एक आड एक अशा दोन ओळी कराव्या लागल्या.

पट्टी दाबायला किती जोर लागतो ते पाच रुपयांच्या पितळी नाण्यांनी मोजलं. एक नाणं ६ ग्रॅमचं. पट्टीच्या पुढच्या कडेवर एकावर एक ठेवत गेलो. बहुतेक पट्ट्या १३ नाण्यांवर झुकल्या, मंद्रातल्या दोन मात्र १७ मागत होत्या. त्या दोघींच्या स्प्रिंगा गंजलेल्या निघाल्या.

मे महिन्यात एक कॉइल जळाली. पारा ४४ च्या वर, पत्र्याची खोली, आणि मी चाचणीसाठी षड्ज धरून ठेवलेला. वास आला तेव्हा उशीर झाला होता. आता पहिले ४० मिलिसेकंद पूर्ण १२ व्होल्ट देतो आणि मग चौथाईवर आणतो. दांडा आत ओढला गेला की चुंबकाची पकड खूप वाढते, त्यामुळे धरून ठेवायला तेवढं पुरतं. करंट चौथाई झाला की उष्णता सोळावा हिस्सा होते. खानदेशातल्या उन्हाळ्यात हे गणित पहिल्या दिवसापासून हवं होतं. एक त्रास उरला आहे : वीज भराभर चालू-बंद करून ती चौथाईवर आणणारा पीसीए९६८५ बोर्ड सेकंदाला १५२६ वेळांच्या (हर्ट्झच्या) वर जात नाही, आणि ती शिट्टी सागाच्या पट्टीतून पेटीत उतरते. खाली नमदा घातल्यावर बरीच दबली, तरी हळू आलापात अजून ऐकू येते.

आता भाता. पियानोत आवाज लहान-मोठा होतो तो हातोडी तारेवर किती वेगाने जाते त्यावर. म्हणून आजच्या स्वयंचलित पियानोवाल्यांची सगळी मेहनत वेग मोजण्यात आणि तोच वेग परत देण्यात जाते. एमआयडीआयमध्ये (वाद्यं आणि संगणक यांच्यातली सुरांची सांकेतिक भाषा) वेगाच्या १२८ पायऱ्या असतात. स्टाइनवे कंपनीच्या २०१५ साली आलेल्या स्पिरिओ या स्वयंचलित पियानोत १०२० पर्यंत. पेटीला यातलं काही नको. पट्टी जोरात मारा की हळू, सूर तोच आणि तेवढाच. आवाजाचा चढउतार सगळा हवेच्या दाबात. म्हणजे पियानोवाल्यांचं अवघड काम मला फुकट मिळालं आणि त्यांना कधी न पडलेलं काम माझ्या गळ्यात आलं.

पहिल्यांदा ब्लोअर लावला. हवा एकसारखी, सूर एकसारखा. आमचे नाना गावच्या भजनी मंडळात पन्नासेक वर्षं पेटी वाजवतात, त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या आणि विचारलं, "हाऊ भाता शे का पंखा?" मग जळगावच्या भंगारातून वायपरची मोटर आणली, चाकाला दांडा जोडून भाता हलवला. आता आवाज झोपाळ्यासारखा झुलायला लागला, गाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

तेव्हा नानांचा हातच नोंदवायचा ठरवलं. भात्याच्या बिजागरीला पोटेन्शिओमीटर (किती फिरलं ते सांगणारा खटका) लावला आणि सेकंदाला ५० वेळा कोन टिपला. नाना संध्याकाळभर वाजवत बसले. आलेख पाहिला आणि मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. नाना भाता कधीच पूर्ण उघडत नाहीत. ओळ संपताना, टाळकरी शब्द उचलतात त्या फटीत, अर्ध्यापर्यंत उघडतात. समेच्या थोडं आधी तळहाताने एकदा दाबतात आणि मग नुसता धरून ठेवतात. गजर चढला की तीन-चार छोटे दाब लागोपाठ, हात जेमतेम चार बोटं हलतो.

हाच कोन स्टेपर मोटरला (नेमक्या पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटरला) दिला. नवारीची पट्टी रिळावर गुंडाळली की भाता मिटतो, उघडायला त्याची स्वतःची स्प्रिंग आहे. तरीही तिसऱ्या ओळीपर्यंत दम संपायचा. कारण शोधायला दोन आठवडे गेले. नानांची पेटी घट्ट, माझी जुनी आणि चामड्यातून गळणारी. कोन तोच ठेवला तरी आतला दाब तो राहत नाही. नोंदवायचा होता दाब. आता आतल्या भात्यात (बाहेरच्या भात्याची हवा साठते तिथे) एमपीएक्सव्ही७००२ हा दाबाचा सेन्सर आहे, दाब आणि ओढ दोन्हीकडे २ किलोपास्कल मोजतो, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर पाणी. नळीत रंगीत पाणी घालून पडताळून घेतला. नानांचा दाब २ ते ६ सेंटिमीटरमध्येच फिरतो. मोटर आता दाबाच्या मागे धावते आणि भाता हवा तेवढा हलतो. दाबाची ही ओळ एमआयडीआयच्या दोन नंबरच्या कंट्रोलरवर साठवतो. तो फुंकरीसाठीच राखलेला आहे.

जुन्या माणसांनी हे केव्हाच ओळखलं होतं. एडविन व्होटीच्या १८९५ च्या पियानोलात (पियानो आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात) कागदाच्या भोकांमधून हवा शिरून सूर निवडले जात, पण जोर यायचा वाजवणाऱ्याच्या पायांतून, पायट्यांनी ओढलेल्या हवेतून. पुढे १९०४ साली जर्मनीत फ्रायबुर्गच्या वेल्टे-मिन्योन या यंत्राने हवेची ही ओढच कागदावर नोंदवली, मंद्राची वेगळी आणि ताराची वेगळी. १९०५ मध्ये संगीतकार माहलरने लाइपझिगला त्यावर चार रोल (भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या) वाजवून नोंदवले. ते आजही वाजतात. हे वाचलं तेव्हा मला तारीख-नाव एवढंच वाटलं होतं. दाबाचा आलेख समोर आला तेव्हा ते लोक नेमकं काय धरायला धडपडत होते ते कळलं.

परवा नाना अमळनेरला आले होते. पेटी ऐकताना त्यांनी भात्यावर हात ठेवला, न दाबता. समेआधीचा दाब आला तेव्हा त्यांचा तळहात किंचित पुढे गेला, मोटरच्या आधी. म्हणजे माझी मोटर अजून उशिरा येते. मोजलं तर ७० मिलिसेकंद. दाबाची ओळ तेवढी आधी सरकवून पाहणार आहे.

उरलेल्या ११ पट्ट्या तार सप्तकातल्या. तिथे काळ्या पट्ट्यांच्या तंगुशी एकमेकींना घासतात. १२ मिलिमीटरपेक्षा बारीक आणि १२० ग्रॅम उचलणारा सोलेनॉइड कोणी वापरला असेल तर कळवा. आणि भात्याच्या घड्यांसाठी पातळ मेंढीचं चामडं खानदेशात कुठे मिळतं तेही.