तीन जिवांचा पट्टा

आमच्या घराची चौकट इतकी बुटकी आहे, की पाहुणा आला की आधी ‘डोकं सांभाळा’ म्हणायचं आणि मग ‘या, बसा’. वेल्समध्ये, अ‍ॅबरिस्टविथजवळ, हे जुनं दगडी शेतघर आम्ही भाड्याने घेतलंय. पहिल्याच हिवाळ्यात पावसाने घरात कोंडलं, तेव्हा इथे आधी कोण नांदून गेलं असेल हा किडा डोक्यात शिरला.

माझे मामा तलाठी होते. फोनवर म्हणाले, “अगं, आधी गावनकाशा काढ. मग मालक कोण आणि कसणारा कोण ते बघ.”

गावनकाशाच्या जागी मिळाला टाइद नकाशा. चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा रोखीत बदलण्याचा कायदा 1836 साली झाला, त्यासाठी हे नकाशे काढले गेले. वेल्सचे नकाशे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन फुकट ठेवलेत. आमच्या घराचा क्रमांक धरून तक्ता उघडला, तर जवळजवळ सातबाराच! मालक, कसणारा, शेताचं नाव, वापर, क्षेत्र. ‘कै मौर’ म्हणजे मोठं शेत, ‘कै डान टी’ म्हणजे घराखालचं. आमच्या गावी ‘विहिरीचं’ आणि ‘माळावरचं’ आहे, तसंच.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चाळीस पर्चचा रूड, चार रूडांचा एकर. मामांनी फोनवरच हिशेब केला: एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे रूड बरोबर दहा गुंठ्यांचा आणि चार पर्चचा एक गुंठा. त्यांची मोजणीची साखळी 33 फुटी, इथली 66 फुटी. “बघ, आमच्या दुप्पट!” यावर ते दोन दिवस खुशीत होते.

मालकाच्या रकान्यात एका मोठ्या इस्टेटीचं नाव होतं. ते इथे देत नाही, त्या शेतांवर आजही माणसं राहतात. पण हा सगळा मुलूखच इस्टेटींचा, म्हणजे बड्या जमीनदार घराण्यांचा. ट्रॉसगोइड, गोगर्थन, नॅन्टिओस, हाफोड ही त्यातली मोठी नावं. 1873 च्या सरकारी यादीप्रमाणे एकट्या ट्रॉसगोइडच्या लिझबर्न सरदारांकडे या परगण्यात, म्हणजे कार्डिगनशायरमध्ये, 42,000 एकरांहून जास्त जमीन होती. अशा अनेक घराण्यांची दप्तरं आता पेन्ग्लाइस टेकडीवरच्या त्याच राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

वाचक म्हणून नाव नोंदवलं, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेतली आणि पहिला अख्खा दिवस वाया घालवला. मी कुळाचं आडनाव शोधत बसले होते. जुन्या वेल्श शेतकऱ्यांत वडिलांचं नावच मुलाचं दुसरं नाव व्हायचं: ईव्हान डेव्हिडचा मुलगा डेव्हिड ईव्हान, त्याचा मुलगा पुन्हा ईव्हान डेव्हिड. बापाचं नाव मधे लावणाऱ्या मराठी बाईला हे आधीच सुचायला हवं होतं. काउंटरवरच्या बाईंनी सल्ला दिला, “माणूस सोडा, शेत धरा.” शेताचं नाव पिढ्यान्पिढ्या तेच राहतं, फक्त स्पेलिंग दर कारकुनागणिक बदलतं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. खंडवह्यांत सहामाही हप्ते: 25 मार्च आणि 29 सप्टेंबर. शेताचं नाव, कूळ, मागची थकबाकी, खंड, वसूल, बाकी. मग एका खोक्यात आमच्या शेताचा मूळ पट्टा, म्हणजे कुळाशी केलेला भाडेकरार, सापडला आणि घोळ झाला. पट्टा नव्या कुळाला दिलेला, तारीख फेब्रुवारी 1741. पण सप्टेंबर 1741 च्या वहीत अजून जुनंच कूळ खंड भरतंय. दोन दिवस मी इस्टेटीच्या कारभाऱ्यावर अफरातफरीचा संशय घेतला. बिचारा निर्दोष होता. 1752 पूर्वी इथलं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1742 चा. पाडव्याला नवं वर्ष मानणाऱ्या घरातली मी, आणि जानेवारी गृहीत धरून बसले.

पट्ट्याची मुदत वर्षांत नव्हतीच. ती तीन जिवांची होती. तीन माणसांची नावं लिहायची आणि त्यातलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत जमीन त्याच खंडाने कसायची. इथे कूळ, त्याची बायको आणि मुलगी, वय 4. शिवाय नाताळला दोन पोसलेल्या कोंबड्या, कापणीला एक दिवस माणूस, दळण मालकाच्याच गिरणीत, आणि कूळ मेलं की हेरियट, म्हणजे गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाला. हे शेवटचं वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. घरात मयत झालंय आणि कारभारी गोठ्यात गाय निवडतोय!

तरी पुढच्या कुळांपेक्षा हे बरे. हे पट्टे मागे पडून वर्षावर्षाच्या बोलीवर जमिनी दिल्या जाऊ लागल्या. 1868 च्या निवडणुकीत मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलं म्हणून कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमध्ये कुळांना घराबाहेर काढलं गेलं. गुप्त मतदान आलं ते 1872 मध्ये.

“मग तुझा पट्टा टिकला किती?” मामांनी विचारलं.

तेच शोधायला पुन्हा गेले. एकामागून एक वह्या, खंड तोच. नेपोलियनच्या लढायांत धान्य महागलं, शेजारच्या शेतांचे खंड वाढले, आमचा तोच. 1807 च्या सप्टेंबर हप्त्याला तो एकदम तिपटीवर गेला. समासात बारीक अक्षरात हेरियटची नोंद होती: एक गाय, काळी.